शेटे आडनावाचा माग काढत पुण्यात

सोमवार

माझं माहेरचं आडनाव शेटे. गेली काही वर्षं जिथे म्हणून हे आडनाव दिसेल तिथून मी ते टिपून ठेवते, लग्नपत्रिका, पेपरातल्या निधनवार्ता, देवळातल्या देणगीच्या फरशा, वधूवर मेळाव्याच्या पुस्तिका, मतदार याद्या, काहीही चालतं. सगळं एका एक्सेल शीटमध्ये जातं, नाव, गाव, साल, कुठे सापडलं आणि कुलदैवत कळलं तर तेही. लोक सहसा आपली वंशावळ करतात, वडील, आजोबा, पणजोबा असं वर वर जायचं, पण आमच्याकडे पणजोबांच्या वर कुणालाच काही माहीत नाही. घरात फक्त एक वाक्य चालत आलंय की आपण मूळचे पुण्याचे, भवानी पेठेतले. मग मी ठरवलं की वरून खाली किंवा खालून वर जाण्यापेक्षा आडवं जायचं, म्हणजे हे आडनाव लावणारी जेवढी घरं मिळतील तेवढी गोळा करायची आणि बघायचं की कोण कुणाला कुठे भेटतं. ब्राह्मण घराण्यांनी शंभर वर्षांपासून असे जाडजाड कुलवृत्तांत छापलेत, आमच्यासारख्या व्यापारी घरांचे फार कमी सापडतात, आणि ते व्हायला हवेत असं मला मनापासून वाटतं.

सांगलीहून सकाळची एसटी पकडली, दुपारी स्वारगेटला उतरले, आत्या सहकारनगरला राहते त्यामुळे तिच्याकडेच मुक्काम. आत्या ऐंशीच्या पुढची आहे पण स्मरणशक्ती एकदम पक्की. चहा होईपर्यंत मी वही काढलेली बघून म्हणाली, "अगं आधी हातपाय धू, मग तुझी चौकशी." रात्री जेवणानंतर बसलो दोघी. तिने सांगितलं की भवानी पेठेतल्या घराच्या वाटणीचे कागद नारायण पेठेत एका वकिलांकडे ठेवलेले होते आणि १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ते सगळे पाण्यात गेले. नदीकाठच्या पेठांमधल्या कितीतरी घरांचं हेच झालंय, पुण्यात कुणाकडेही जुन्या कागदांची चौकशी करा, दहातले निम्मे लोक पानशेतचं नाव घेतात. आत्या तेव्हा शाळेत होती. तिला आठवतं की आजोबा दुसऱ्या दिवशी चिखलातून चालत वकिलांच्या घरी गेले होते आणि संध्याकाळी परत येऊन काही न बोलता बसून राहिले.

मंगळवार

आज पेशवे दफ्तर. सरकारी नाव पुणे पुराभिलेखागार, कौन्सिल हॉलजवळची दगडी इमारत. स्वारगेटला मेट्रोत बसले, सिव्हिल कोर्टला बदलून पुणे स्टेशनला उतरले आणि तिथून रिक्षा. मोडी शिकवणारे एक सर ओळखीचे झालेत, त्यांच्याकडे मी ऑनलाइन क्लास केला होता, ते मुद्दाम सोबत आले. मला मोडी येते पण अजून अडखळत येते, छापलेली लगेच वाचता येते आणि खरा कागद समोर आला की एकेक ओळ धरून बसावं लागतं, त्यामुळे सर असणं फार मोठा आधार होता.

अर्ज, ओळखपत्र, कशासाठी बघायचंय ते लिहून द्यायचं, मग कुठला विभाग ते सांगायचं. इथेच बरेच लोक अडकतात. आपल्या डोक्यात असतं की आडनाव सांगितलं की फाईल निघेल, पण इथली मांडणी आडनावावर नाहीच, ती त्या वेळच्या कारभाराच्या पद्धतीवर आहे. रोजकीर्द म्हणजे रोजचा हिशेब, घडणी म्हणजे त्यावरून काढलेले खातेवार हिशेब, चिटणिसी म्हणजे पत्रव्यवहार, प्रांत अजमास म्हणजे एकेका प्रांताच्या जमाखर्चाचे अंदाज, शिवाय पागा, पथकं, आणि एक मोठा भाग जमावाचा, म्हणजे लोकांकडून जमा झालेल्या कागदांचा. कागद कापडात गुंडाळून बांधलेले असतात, त्याला रुमाल म्हणतात, आणि असे तीस हजारांहून जास्त रुमाल या एका इमारतीत आहेत. रियासतकार सरदेसायांनी १९३० ते ३४ मध्ये यातले निवडक कागद छापले त्याचे ४५ खंड झाले आणि तेही या ढिगाच्या मानानं थोडेच. म्हणून आधी गाव किंवा पेठ ठरवायची, मग वतन, म्हणजे वंशपरंपरेनं चालणारं हक्काचं काम, कुठलं ते, मग काळ, आणि एवढं झाल्यावर माणूस शोधायचा.

आमच्या आडनावाच्या बाबतीत एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी, कारण सगळा शोध तिच्यावर उभा आहे. शेटे हा मुळात हुद्दा. नवीन पेठ वसवली की तिथे शेटे आणि महाजन असे वतनदार नेमायचे. शेट्यानं बाहेरून उदमी, व्यापारी, कारागीर आणून पेठेत बसवायचे, त्यांना काही वर्षं कर माफ असल्याचा कौल सरकारकडून मिळायचा, बाजारातल्या तंट्यात शेट्यानं मध्ये पडायचं, आणि या कामाबद्दल त्याला पेठेतल्या दुकानांवर हक्क मिळायचे, शिवाय टिळा-विड्याचा मान. अठराव्या शतकात पुण्यात एकामागून एक पेठा वसल्या. शुक्रवार पेठ जिवाजीपंत खासगीवाल्यांनी वसवली, भवानी पेठ थोरल्या माधवरावांच्या काळात झाली, नाना पेठ नाना फडणवीसांनी. म्हणजे या शहरात शेटेपणाची वतनं एक नाही, बरीच होती.

पहिला रुमाल टेबलावर आला तेव्हा कर्मचाऱ्यांनी गाठ सोडून दिली आणि आत लांबट चिठोऱ्यांच्या घड्या, एकावर एक. सरांनी सांगितलं की कागद उचलायचा नाही, खाली पुठ्ठा सरकवून उलटायचा. मोडीत आधी पानभर आडव्या रेघा मारून घेतात आणि मग त्या रेघांना अक्षरं लटकवत एका दमात लिहीत जातात, शब्द तोडत नाहीत, त्यामुळे एक शब्द कुठे संपला ते अर्थावरूनच कळतं. एका कागदाच्या वर साल होतं, "खमस सितैन मया व अलफ". सर म्हणाले वाच आणि इंग्रजी साल काढ. खमस पाच, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, झाले ११६५, हा सुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली कालगणना, त्यात ५९९ मिळवायचे म्हणजे १७६४, आणि हे वर्ष मृगाला सुरू होतं म्हणून कागद १७६४ च्या जूनपासून ६५ च्या मे अखेरपर्यंत कधीतरीचा. पानिपतानंतर जेमतेम चार वर्षं. मी कागदाकडे बघत राहिले.

त्यात एका पेठेच्या शेट्याचे हक्क लिहिलेले होते, किराण्याच्या दुकानावरून सुपारी, तेल्याकडून तेल, भाजीवाल्यांकडून भाजी, बाहेरून बैल भरून माल आला की त्यावर काही. कुठलीही भव्य गोष्ट नाही, कुणी लढाई जिंकलेली नाही, पण बाजार कसा चालायचा ते त्या पाच-सात ओळींत आख्खं दिसतं. आणि माझ्या कामाचं म्हणजे त्या माणसाच्या नावापुढे आडनाव असं काही नव्हतं. नाव, त्याला जोडून शेट, मग "बिन" म्हणून बापाचं नाव, त्यालाही शेट, आणि पुढे "शेटे पेठ मजकूर". म्हणजे सदर पेठेचा शेटे. आज आपण ज्याला आडनाव म्हणतो ते इथे नुसतं कामाचं नाव आहे, त्यानं वतन सोडलं असतं तर पुढच्या कागदात ते दुसऱ्याच्या नावापुढे आलं असतं.

जेवायला बाहेर गेलो, सरांनी थालीपीठ घेतलं, मी पण. परत येऊन अजून दोन रुमाल बघितले, त्यात शेटे हा शब्द एकदाच आला, तोही दुसऱ्या कुणाच्या भांडणात साक्षीदार म्हणून.

बुधवार

पुन्हा तिथेच. आज जमावातले कागद मागवले. यामागे इनाम कमिशन आहे. इंग्रज आल्यावर त्यांनी पेशवाईत दिलेली इनामं आणि वतनं तपासायला घेतली, १८५२ च्या अकराव्या कायद्यानं त्याला कायद्याचं बळ आलं, आणि ज्याच्या ताब्यात इनाम त्यानं पुरावा दाखवायचा असं झालं. मग लोकांनी घरातल्या सनदा, ताकीदपत्रं, वंशावळी सगळं आणून दिलं. त्या काळात हजारो घरांची पोटं यात मारली गेली, जमिनी सरकारजमा झाल्या, त्याबद्दलचा राग आजही जुन्या घरांत ऐकू येतो. पण आमच्यासारख्या शोध घेणाऱ्यांना त्यातूनच वंशावळी मिळतात, कारण वतन आपलं आहे हे दाखवायला बापापासून खापरपणजोबापर्यंत नावं द्यावी लागायची. वाचताना दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात राहतात.

शेजारच्या टेबलावर बारामती भागातले दोघं भाऊ होते, घराण्याची कुणबी नोंद शोधायला आलेले. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधायला तहसील कचेऱ्यांच्या रेकॉर्ड रूम उघडल्या, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना श्वास घ्यायला वेळ नाही असं सर म्हणाले. त्या भावांनी मला एक चांगली गोष्ट सांगितली. गावचं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना नंबर १४, त्यात जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी असतात आणि बऱ्याच जिल्ह्यांत त्या आता स्कॅन झाल्यात. मी लगेच लिहून घेतलं. आजपर्यंत मी ७/१२ आणि फेरफाराच्या मागे होते, पण व्यापाऱ्याकडे शेती नसेल तर त्यात तो दिसणारच कुठून, जन्ममृत्यूच्या नोंदीत मात्र सगळे आले.

आज शेट्यांचं काही निघालं नाही.

गुरुवार

भारत इतिहास संशोधक मंडळ, सदाशिव पेठ, भरत नाट्य मंदिराजवळ. इतिहास संशोधक राजवाडे आणि मेहेंदळे यांनी १९१० साली सुरू केलेली ही संस्था. घरोघरी फिरून, माळ्यावरून, वाण्याच्या दुकानातून रद्दीत जाणारे कागद उचलून ज्या लोकांनी ही दफ्तरं जमवली त्यांच्याबद्दल मला नेहमीच भरून येतं. राजवाडे तर कागदांसाठी पायी पायी गावं पालथी घालायचे. आपल्या घरात बोहारणीला जाण्याच्या बेतात असलेली एखादी जुनी वही कुणीतरी मागून न्यावी आणि सव्वाशे वर्षांनी कुणाच्या तरी कामी यावी, याहून मोठं काम काय असतं.

पुणे शहराचे जुने कागद मंडळानं "पुणे नगर संशोधन वृत्त" या नावानं खंडांत छापलेत, ते पुण्यातल्या घराण्यांचा शोध घेणाऱ्यानं आधी बघावेत, बाळबोधीत म्हणजे देवनागरीत आहेत त्यामुळे मोडी येत नसली तरी चालतं. मी सकाळभर तेच चाळत बसले, सूची बघून शेटे, महाजन, पेठ, कौल असे शब्द काढत. दुपारी सरांनी एका महजराची प्रत दाखवली आणि तो दिवसाचा सगळ्यात मोठा आनंद.

महजर म्हणजे गोतसभेचा निवाडा. वतनाचं भांडण झालं की गावचे पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन, बलुतेदार सगळे एकत्र बसायचे, दोन्ही बाजू ऐकायचे आणि निकाल लिहून त्याखाली सगळ्यांच्या सह्या आणि निशाण्या. ज्याला लिहिता येत नाही किंवा जिथे धंद्याची खूण करायची रीत आहे तिथे चित्र काढलेलं. कुणब्याच्या नावापुढे नांगर. दोन रेघांचा, एक वाकडी, एक सरळ, पण बघताक्षणी कळतं की नांगर आहे. आणि शेट्याच्या नावापुढे तागडी. एक आडवी दांडी, तिच्या मधून वर एक छोटी रेघ धरायची, दोन्ही टोकांना तीन तीन दोऱ्या आणि खाली अर्धगोल पारडी. डावं पारडं उजव्यापेक्षा किंचित खाली आहे, बोरू तिथे टेकून राहिला असावा कारण शाई जरा फुगलीय. नखाएवढं चित्र. मी कितीतरी वेळ ते बघत होते. हा माणूस माझा कुणी लागतो की नाही माहीत नाही, बहुतेक नाहीच, पण ज्या कामावरून आमचं नाव पडलं ते काम करणाऱ्या माणसाच्या हातची ती तागडी आहे.

आणि तो महजर कशाबद्दल होता तर निम्मं वतन विकल्याबद्दल. सरांनी समजावून सांगितलं की वतनाच्या तक्षिमा पडायच्या म्हणजे भावाभावांत हिस्से व्हायचे, त्यातली एखादी तक्षीम गहाण पडायची, विकली जायची, घेणारा दुसऱ्या जातीचाही असू शकायचा. पाटीलकी निम्मी विकल्याचे कागद तर सर्रास मिळतात. मग वडीलपण कुणाचं, म्हणजे आधी विडा कुणाला द्यायचा, यावरून पिढ्यान्पिढ्या भांडणं. वतन विकत घेणारा पण पुढे शेटे म्हणूनच लिहिला जायचा आणि त्याची मुलं पण.

हे ऐकल्यावर माझ्या शीटमधल्या कितीतरी गोष्टी एकदम समजल्या. वाण्यांत शेटे आहेत, लिंगायतांत आहेत, मराठ्यांत आहेत, सोनारांत आहेत. नातेवाईक नेहमी म्हणतात, "सगळे शेटे एकच गं, कुठेतरी लांबचे भाऊबंद." तसं नाहीये. हुद्दा एक, घरं अनेक. पाटील, कुलकर्णी, देशमुख, चौगुले, सगळ्यांचं हेच आहे. त्यामुळे एका आडनावाचा अभ्यास करताना एक झाड शोधत बसायचं नाही, कुठल्या पेठेत कुठल्या घराकडे ते वतन होतं हे एकेक करून लावायचं, आणि त्यासाठी आडनावापेक्षा कुलदैवत जास्त खरं बोलतं कारण ते विकत घेता येत नाही. माझ्या शीटमध्ये कुलदैवताचा रकाना सगळ्यात शेवटी होता, तो रात्री आत्याकडे बसून मी दुसरा केला.

शुक्रवार

सकाळी नगर भूमापन कार्यालय, भवानी पेठेतल्या घराचं मालमत्ता पत्रक काढायला अर्ज दिला. आत्याला घर नंबर आठवत होता, सिटी सर्व्हे नंबर नव्हता, पण नकाशावर शेजारची खूण सांगून तो काढता आला. पत्रकात आजोबांच्या काकांचं नाव आहे, पुढे विक्रीची नोंद आणि दुसऱ्याचं नाव. घर आता नाही, तिथे चार मजली इमारत आहे. पत्रकाची नक्कल मिळाली हे महत्त्वाचं कारण "आपण भवानी पेठेतले" या वाक्याला आज पहिल्यांदा सरकारी कागद मिळाला.

मग पेठेत चालत फिरले. भुसार आणि गुळाचा घाऊक बाजार गुलटेकडीला मार्केट यार्डात गेला तरी भवानी पेठेत अजून लाकूड, पत्रा, पोती, सुतळी याची दुकानं गच्च आहेत, टेम्पो आणि हातगाड्यांतून वाट काढायची. भवानी मातेच्या देवळात गेले, बाहेर देणगीदारांच्या फरशा वाचत उभी राहिले तर एका आजीबाईंनी विचारलं काय शोधतेस बाळा. सांगितल्यावर म्हणाल्या, "शेटे? ते पोतीवाले बघ, पुढच्या गल्लीत."

पोतीवाले शेटे काका गल्ल्यावर बसलेले. मी म्हणलं, "काका, मी पण शेटे, सांगलीची, माहेरचं सांगतेय." त्यांनी लगेच आतून स्टूल मागवलं, चहा सांगितला. पहिला प्रश्न त्यांनीच विचारला, "कुलदैवत कुठलं तुमचं?" मी म्हणलं शिखर शिंगणापूर. ते म्हणाले, "मग आपण एक नाही, आमचा जेजुरीचा खंडोबा." आणि तरी पाऊण तास बोलत बसले. त्यांचे आजोबा शिरूरकडून आले, गावी त्यांच्याकडे बाजाराचा मान होता, आठवडे बाजारात पहिली बोली त्यांच्या घराची असायची असं ते ऐकत आलेत. म्हणजे शेटेपण तिकडच्या पेठेचं असणार, पुण्याचं नाही. मुलाला हाक मारून म्हणाले, "ऐक रे, ह्या ताई काय सांगतायत." मुलगा पंचविशीचा, त्यानं फोनमध्ये सगळं रेकॉर्ड केलं आणि गावी चुलत्यांकडे विचारून कळवतो म्हणाला.

काकांनी लक्ष्मी रोडजवळच्या एका सोनार शेट्यांकडे पाठवलं. त्यांची देवी तुळजापूरची, घर मूळ कोकणातलं, पुण्यात येऊन तीन पिढ्या. एका दिवसात तीन शेटे आणि तीन वेगळी दैवतं. गुरुवारी कागदावर जे समजलं ते शुक्रवारी माणसांच्या तोंडून ऐकायला मिळालं. सोनार शेटे काकूंनी एक प्रश्न विचारला तो मात्र डोक्यात राहिला. त्या म्हणाल्या, "तुम्ही शेटे शेटे शोधताय, पण आमच्यासारख्या शेट्यांत आलेल्या बायकांचं काय? मी मूळची शेटे नाहीच."

शनिवार

सरकारी ऑफिसं बंद. आत्याला म्हणलं आज घरीच बसू, जुनं काय असेल ते काढ. तिनं पोटमाळ्यावरून एक गोणपाट उतरवून घेतलं, त्यात पितळेची भांडी, विकवत नाहीत म्हणून ठेवलेली. दोन तांबे, एक परात, एक बुडाला चेमटलेली घागर.

आपल्याकडे भांड्यांवर नावं घालायची पद्धत आहे, आहेरात दिलेल्या भांड्यावर तर हमखास. हल्ली स्टीलच्या दुकानात मशीननं लगेच कोरून देतात, पूर्वी टोच्यानं एकेक ठिपका मारून अक्षर काढायचे. चिंच लावून घागर घासायला घेतली, आत्या शेजारी पाटावर बसून. गळ्याखाली हळूहळू ठिपके दिसायला लागले. "सौ.", मग नाव, मग "शेटे", मग "पुणें", वरचा अनुस्वार नीट ठिपक्यानं दिलेला. त्याखाली दुसरी ओळ, "बंधूकडून", मिठारे, वाई, आणि "शके १८४३". म्हणजे १९२१-२२.

आत्यानं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "ही आजी. माझी आजी." म्हणजे माझी पणजी. घरात सगळे तिला नुसतं आई म्हणायचे, आत्याला तिचं नाव माहीतच नव्हतं. माझ्या सगळ्या कागदांत पणजोबांचं नाव आहे, त्यांच्या भावाचं आहे, मालमत्ता पत्रकात आहे, पण तिचं कुठेच नव्हतं, आमच्या देवघरातल्या वंशावळीत तर एकाही बाईचं नाव नाही. आणि त्या घागरीवर तिचं नाव आहे, माहेरचं आडनाव आहे, गाव आहे, साल आहे. ते नाव मी इथे लिहीत नाही, आधी घरच्या सगळ्यांना सांगायचंय, आत्याच्या मोठ्या भावाला फोन करून आत्यानंच सांगितलं आणि पलीकडून काका बराच वेळ नुसते "हो का, हो का" करत होते.

मग आम्ही सगळीच भांडी घासली. परातीवर काही नाही. एका तांब्यावर आत्याच्या आईचं नाव, ते माहीत होतं. दुसऱ्यावर एक नाव आणि "कापशी" असं गाव, हे कोण ते आत्यालाही सांगता येईना, पण आडनाव शेटे नाही, म्हणजे कुणातरी सुनेच्या माहेरचा आहेर असणार. फोटो काढताना नुसता वरून प्रकाश पडला तर ठिपके दिसत नाहीत, बाजूनं टॉर्च धरायचा, म्हणजे खोलगट भागात सावली पडून अक्षरं उठून दिसतात. आत्या टॉर्च धरून बसली होती, हात दुखला तरी सोडेना.

दक्षिण महाराष्ट्रात हेळवी येतात, बैल घेऊन, वंशावळीच्या वह्या घेऊन, दरवर्षी सुगीनंतर. आमच्या सांगलीच्या घरी येणाऱ्या हेळव्याच्या वहीत सगळे पुरुष आहेत, "मूळ पुणें" एवढं लिहिलंय आणि पुढे मुलगे, त्यांचे मुलगे. संध्याकाळी मी शीटमध्ये तीन नवीन रकाने केले, पत्नीचं नाव, तिचं माहेरचं आडनाव, माहेरचं गाव. ते तीन रकाने जवळजवळ रिकामे आहेत हे बघून वाईट वाटलं. एवढी वर्षं एक आडनाव घेऊन फिरल्यावर दर पिढीतली निम्मी माणसं त्या आडनावात सापडतच नाहीत, ती दुसऱ्या आडनावातून आत आलेली असतात किंवा दुसऱ्या आडनावात गेलेली असतात, माझ्यासारखी.

रविवार

निघताना आत्यानं घागर मला दिली. मी नको म्हणत होते, तिथेच राहू दे म्हणलं, तर म्हणाली, "माझ्याकडे पडून राहील, तुझ्याकडे कुणी वाचेल तरी." चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसले, कंडक्टरनं वर ठेवा म्हटलं पण ठेवली नाही.

खंबाटकी उतरताना पुढचं लिहून काढलं. वाईच्या मिठाऱ्यांकडे जायचं, १९२१ साली तिथे किती घरं होती, बहिणीला घागर देणारा भाऊ कोण, त्यासाठी वाई तहसीलमध्ये कोतवाल बुकाची चौकशी करायची. कापशी नावाची गावं एकाहून जास्त आहेत, त्यातलं कुठलं ते लग्नसंबंधांवरून काढावं लागेल. सरांना त्या ११६५ च्या कागदाचं पूर्ण वाचन करून मागायचंय. पोतीवाल्या काकांच्या मुलाचा मेसेज साताऱ्याच्या आतच आला, त्याच्या चुलत्यांकडे एक जुना कागद आहे आणि खाली कसलंतरी चित्र आहे म्हणे, तागडी आहे का बघून सांगतो. आणि यंदा हेळवी आला की त्याला बसवून घेऊन त्याच्या वहीत पणजीचं नाव, माहेर मिठारे, गाव वाई, असं माझ्यासमोर लिहून घेणार आहे.